‘कोर्स करून द्या’ म्हटल्यावर: बेंगळुरूतल्या इन्स्ट्रक्शनल डिझायनरचं खरं काम

“तासाभराचा एक कोर्स करून द्या.” आमच्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा या वाक्याने होते. एकदा ते फायनान्स विभागाकडून आलं. कामानिमित्त फिरणारे लोक हॉटेलची बिलं चुकीची आणतात, त्यांचे क्लेम अडकतात, शिवाय कंपनीला मिळायचं जीएसटीचं क्रेडिट बुडतं. तेव्हा प्रवासखर्चाच्या नियमांवर सगळ्यांना ट्रेनिंग द्या. सोबत नव्वद स्लाइडची पीपीटी आणि तीन आठवड्यांची मुदत.

नवखी असते तर मी त्याच संध्याकाळी स्लाइड उघडून बसले असते. पण तोवर बरेच टक्केटोणपे खाऊन झाले होते. फायनान्समधल्या सहकाऱ्याला म्हटलं, “गेल्या दोन महिन्यांत परत पाठवलेली बिलं दाखव.” एक दुपार बसून आम्ही दोघांनी चुकीच्या प्रकारानुसार त्यांचे ढीग लावले. सगळ्यांत मोठा ढीग एकाच चुकीचा निघाला. हॉटेलच्या मुक्कामावरचा कर ज्या राज्यात हॉटेल आहे त्या राज्यात लागतो, आणि अनेक राज्यांत नोंदणी असलेल्या कंपनीला प्रत्येक राज्यासाठी वेगळा जीएसटी नंबर असतो. बेंगळुरूचा माणूस मुंबईत उतरला की रिसेप्शनवर सवयीने कर्नाटकचा नंबर सांगायचा, नाहीतर कुठलाच सांगायचा नाही. तिथे महाराष्ट्राचा नंबर द्यायला हवा होता.

म्हणजे चूक घडत होती रात्री अकरा वाजता, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात आधार कार्ड धरून काउंटरसमोर उभं असताना. तीन महिन्यांपूर्वी पाहिलेल्या कोर्सची चौतिसावी स्लाइड त्या घडीला कुणाला आठवणार? आम्ही कोर्स केला नाही. तिकीट बुक झालं की त्या राज्याचा नंबर आणि ‘बिलावर हा नंबर घालायला सांगा’ एवढी ओळ प्रवाशाच्या फोनवर जाईल, अशी सोय ट्रॅव्हल डेस्ककडून करून घेतली.

कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरकडून मला अधूनमधून फोन येतात. बीएड झालेल्या शिक्षिका असतात, इंग्रजी घेऊन एमए केलेली मुलं असतात, आयटीत कंटाळलेले टेस्टर असतात. “इन्स्ट्रक्शनल डिझायनर नक्की करतो काय?” हा सगळ्यांचा प्रश्न. स्लाइड सजवतो, असा समज असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: माणूस कामात नेमका कुठे अडतो ते आम्ही शोधतो आणि तेवढ्यापुरतं त्याला शिकवतो. बाकीचं सगळं गाळतो. हे रोजच्या कामात कसं होतं, ते इथे क्रमाने सांगते.

काम मिळतं कुठे

बेंगळुरूत हे काम तीन ठिकाणी असतं. पहिलं ठिकाण म्हणजे ई-लर्निंग कंपन्या. आम्ही त्यांना ‘व्हेंडर’ म्हणतो. त्या दुसऱ्या कंपन्यांसाठी कोर्स बनवतात, आणि त्यातले पुष्कळ ग्राहक अमेरिका-युरोपातले. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्यामुळे महत्त्वाचं बोलणं तिन्हीसांजेनंतर होतं, हे घरी आधीच सांगून ठेवा. दुसरं ठिकाण म्हणजे मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा ‘एल अँड डी’, म्हणजे लर्निंग अँड डेव्हलपमेंट, विभाग. त्यात आता परदेशी कंपन्यांच्या ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटरांची भर पडली आहे. देशात अशी सर्वाधिक केंद्रं बेंगळुरूतच आहेत. तिसरा मार्ग फ्रीलान्सचा, पण तो तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर धरावा.

या धंद्याची मुळं मात्र मुंबई-पुण्यापर्यंत जातात. टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स ही या क्षेत्रातली जुनी कंपनी मुंबईत १९९० साली सुरू झाली. २०१८ मध्ये ती एमपीएसने घेतली. एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहू आवारातल्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातून शिकून बाहेर पडलेल्या मुली या क्षेत्रात जागोजागी भेटतात. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला आली, आणि हजारो नव्या इंजिनिअरांना कामाचं शिक्षण देण्यासाठी तिने पुढे म्हैसूरला भलंमोठं निवासी केंद्र उभारलं. कॉलेजातून आलेला मुलगा आणि प्रत्यक्ष प्रोजेक्ट यांच्यामध्ये पूल बांधायची गरज आयटीला पहिल्यापासून होती. ती गरज आमच्या पोटापाण्याला कारण झाली.

पुस्तकातला ॲडी, ऑफिसातला ॲडी

मुलाखतीची तयारी करताना तुम्हाला ‘ॲडी’ भेटेल: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमल, मूल्यमापन अशा पाच पायऱ्या. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने १९७५ मध्ये अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामातून हा ढाचा आला. पाठ करा, मुलाखतीत विचारतात. पण ऑफिसात तो तसाच सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. विश्लेषणाला पुस्तकात चाळीस पानं असतात, प्रत्यक्षात चाळीस मिनिटांचा एक कॉल मिळतो. आराखडा मंजूर व्हायच्या आत डेव्हलपर पहिला स्क्रीन मागतो. मूल्यमापनाची वेळ येते तेव्हा प्रोजेक्टचं बजेट संपलेलं असतं.

यावर कुरकुरण्यात अर्थ नाही. ज्या पायरीला वेळ मिळणार नाही, तिचं काम दुसऱ्या पायरीत लपवून करायचं, हे इथलं शहाणपण. विश्लेषणाला वेगळा वेळ नसेल तर पहिल्या मीटिंगमधले प्रश्नच विश्लेषण समजा. मूल्यमापनाला पैसे नसतील तर काय मोजायचं ते पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

पहिल्या बैठकीत विचारायचे पाच प्रश्न

एक: कोर्स झाल्यावर लोकांनी कामात काय वेगळं करायचं आहे? उत्तर ‘जागरूकता यावी’ असं आलं तर पुढे विचारा: जागरूक माणूस सोमवारी सकाळी काय करेल, जे आज करत नाही?

दोन: आज ते तसं का करत नाहीत? ठाऊक नाही म्हणून, जमत नाही म्हणून, वेळ नाही म्हणून, की केल्याचा काही उपयोग नाही म्हणून? पहिल्या दोन कारणांवर शिक्षण चालतं. उरलेल्या दोहोंवर कितीही देखणा कोर्स करा, पालथ्या घड्यावर पाणी.

तीन: चूक घडल्याचा पुरावा दाखवता का? नाकारलेले फॉर्म, कॉल सेंटरचं रेकॉर्डिंग, ऑडिटचे शेरे, हेल्पडेस्ककडे आलेल्या तक्रारी. या गोष्टी पीपीटीपेक्षा शंभरपट बोलक्या असतात.

चार: शिकणारा कोण, आणि तो हे कुठे पाहणार? आउटर रिंग रोडवरच्या ऑफिसातल्या इंजिनिअरला स्वतःचा लॅपटॉप असतो. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातल्या माणसाला शिफ्ट संपल्यावर फोनचा छोटा पडदा मिळतो आणि त्याला कन्नड, हिंदी किंवा तमिळ हवी असते. दोघांना एकच कोर्स चालत नाही.

पाच: शेवटची सही कुणाची? हा प्रश्न रुक्ष वाटतो. तो न विचारल्यामुळे माझं एक प्रोजेक्ट दोन महिने लांबलं. सगळे शेरे मिटवून झाल्यावर एक व्हाइस प्रेसिडेंट उगवले, आणि त्यांनी आराखडा पाहिलेलाच नव्हता.

माणूस अडतो तिथे जाऊन पाहायचं, ही रीत मराठी वाचकाला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांच्यामागे गुरं राखायचं काम होतं. शिक्षणाचं महत्त्व पटवणारी भाषणं देत बसण्यापेक्षा त्यांनी शाळाच गुरांमागे नेली. तीच कुरणशाळा. कॉर्पोरेट भाषेत आज याला जडजड नावं आहेत, पण मुळात गोष्ट तेवढीच.

एक खरं सांगून टाकते. ‘कोर्स नकोच’ असं दर वेळी म्हणता येत नाही. व्हेंडरकडे असाल तर करार आधीच झालेला असतो. तास मोजून पैसे ठरलेले असतात. अशा वेळी भांडू नका. कोर्स करा, पण त्याचा सर्वांत उपयोगी भाग एका पानावर उतरवून सोबत द्या: टेबलावर चिकटवता येईल अशी पायऱ्यांची यादी, फोनमध्ये ठेवता येईल असा तक्ता. आमच्यात याला ‘जॉब एड’ म्हणतात. सहा महिन्यांनी कोर्स कुणी उघडत नाही. ते पान मात्र मशीनवर चिकटलेलं दिसतं.

जाणकाराकडून माहिती काढणं

विषयातल्या जाणकाराला आमच्यात ‘एसएमई’ म्हणतात. बोलताना त्याचं ‘स्मी’ होतं. तुमचं निम्मं यश या माणसाच्या हाती असतं. त्याला तुमच्या कामासाठी वेगळा वेळ दिलेला नसतो. स्वतःचं काम सांभाळून तो तुम्हाला अर्धा तास देतो. आणि वीस वर्षं तेच काम केल्यामुळे त्याला एक अडचण असते: आपल्याला काय काय येतं हे त्याला आता दिसतच नाही. “त्यात काय, आवाजावरूनच कळतं,” असं तो म्हणतो. नवख्याला शिकवायचं नेमकं तेच असतं.

म्हणून त्याला ‘या विषयाबद्दल सांगा’ असं कधीही म्हणू नका. व्याख्यान सुरू होईल. त्याऐवजी असं विचारा:

“गेल्या महिन्यातली एखादी फसलेली केस सांगता?”

“नवीन माणूस पहिल्या आठवड्यात हमखास कुठे चुकतो?”

“तुमच्याकडे दहाच मिनिटं असती तर त्याला काय सांगितलं असतं?”

“हे न करता पुढे गेलं तर काय बिघडेल?”

शेवटचा प्रश्न कात्रीसारखा चालतो. “तसं काही बिघडत नाही,” असं उत्तर आलं की तो मजकूर परिशिष्टात टाकायचा. ‘काढून टाकू या’ म्हटलं की जाणकार दुखावतो. ‘संदर्भासाठी मागे ठेवू या’ म्हटलं की खूश होतो. परिणाम एकच.

हाताने करायच्या कामासाठी एक जुनी पण पक्की युक्ती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नव्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटाने तो उचलला, त्याच टोयोटाने, जिचा किर्लोस्करांच्या भागीदारीतला कारखाना बेंगळुरूजवळ बिडदीला आहे. त्या पद्धतीत कागदावर तीन रकाने आखतात: महत्त्वाची पायरी, तिच्यातली खुबी, आणि त्या खुबीचं कारण. ‘झाकण लावा’ ही पायरी. ‘आधी उलटं अर्धा आटा फिरवा’ ही खुबी. ‘आटे नीट बसतात, चढत नाहीत’ हे कारण. पायऱ्या मॅन्युअलमध्ये मिळतात. खुबी आणि कारण जाणकाराच्या डोक्यात असतात. आयटीतल्या कामालाही हेच तीन रकाने लावून बघा. आश्चर्य वाटेल इतके चालतात.

उद्दिष्टातलं क्रियापद तपासा

रॉबर्ट मेगर यांचं उद्दिष्टं कशी लिहावीत यावरचं छोटं पुस्तक १९६२ मध्ये आलं. त्यातला गाभा असा, की उद्दिष्टात डोळ्यांना दिसेल अशी कृती हवी. ‘समजून घेईल’, ‘परिचय होईल’, ‘महत्त्व जाणेल’ ही क्रियापदं कुणाला दिसत नाहीत. ‘परत आलेल्या पाच बिलांतून चुकीच्या राज्याचा नंबर असलेली बिलं वेगळी काढेल’ हे दिसतं, तपासता येतं.

सवय लावण्यासाठी एक चाचणी देते. उद्दिष्ट वाचा आणि मनात म्हणा, “करून दाखव बघू.” दाखवता येत असेल तर ठेवा. ‘डेटा सुरक्षेचं महत्त्व समजलं? करून दाखव बघू.’ बसलं नाही ना? मग बदला.

प्रसंग असा लिहा की चांगला माणूस चुकेल

बेंगळुरूत आल्यावर तुमच्या वाट्याला हमखास येणारा एक कोर्स म्हणजे ‘पॉश’. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा हा २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, चौकशी नव्वद दिवसांत, नावांची गुप्तता, आणि कर्मचाऱ्यांत वेळोवेळी जागृती करण्याची जबाबदारी मालकावर. ही सगळी माहिती स्लाइडवर ओतली की झाला कोर्स, असं अनेकांना वाटतं. लोक तो दुसऱ्या खिडकीत जेवणाची ऑर्डर देता देता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत संपवतात. शेवटी प्रश्न येतो: ‘छळ झाल्यास काय कराल? अ) दुर्लक्ष, ब) तक्रार, क) नोकरी सोडणे.’ शेंबडं पोरही बरोबर उत्तर देईल. यातून कुणाचं वागणं बदलणार?

आता असा प्रसंग पाहा. टीम आउटिंगहून परतल्यावर टीममधली मुलगी तुमच्याकडे येते. “सर, कुणाला सांगू नका, पण…” असं म्हणून एका सीनिअर सहकाऱ्याबद्दल सांगते. तुम्ही टीम लीड आहात. काय कराल?

अ) त्या सहकाऱ्याला चहाला नेऊन समजावता, तिची माफी मागायला लावता.

ब) आधी खात्री करावी म्हणून आउटिंगला असलेल्या दोघांना हळूच विचारता.

क) तिचं पूर्ण ऐकून घेता, समितीकडे कसं जायचं आणि तीन महिन्यांची मुदत आहे हे सांगता, आणि ही गोष्ट आणखी कुणाजवळ काढत नाही.

अ आणि ब निवडणारी माणसं वाईट नसतात. उलट, भल्या मनाची असतात. म्हणूनच हा प्रश्न काम करतो. अ निवडल्यावर ‘चूक’ असा लाल फुलीचा शिक्का मारू नका. पुढचा प्रसंग दाखवा: ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो सावध झालेला, मुलगी गप्प झालेली, मुदत संपत आलेली. मग कायदा काय म्हणतो ते सांगा: सामोपचाराचा मार्ग आहे, पण तो तिने स्वतः मागितला तरच, समितीमार्फत, आणि पैशाच्या तडजोडीवर नव्हे. टीम लीडने परस्पर मिटवायचं हे प्रकरण नव्हे. ही कलमं आता लक्षात राहतात, कारण त्याआधी वाचकाने स्वतः हात पोळून घेतलेला असतो.

प्रसंग लिहिण्याचा माझा नियम साधा आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय प्रत्यक्षात कुणीतरी केलेला असला पाहिजे. असे पर्याय घरी बसून सुचत नाहीत. ते जाणकाराला विचारलेल्या ‘फसलेल्या केस’मधून येतात.

स्टोरीबोर्ड: आमचं खरं हस्ताक्षर

आमच्या कामाचा मुख्य कागद म्हणजे स्टोरीबोर्ड. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये, दर स्क्रीनसाठी: पडद्यावरचा मजकूर, निवेदन, चित्राची कल्पना, आणि डेव्हलपरसाठी सूचना. त्यावरून ग्राफिक डिझायनर चित्रं काढतो आणि डेव्हलपर स्टोरीलाइन, राइज किंवा कॅप्टिव्हेटमध्ये कोर्स उभा करतो. छोट्या टीममध्ये ही तिन्ही कामं तुम्हीच करता.

रोज उपयोगी पडतील अशा काही गोष्टी. निवेदनाने पडद्यावरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवू नये. माणूस वाचतो वेगाने आणि ऐकतो सावकाश. दोन्ही एकदम आले की एकमेकांच्या पायात येतात. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी हे दाखवलेलं आहे, आणि ग्राहकाशी वाद झाला तर त्यांचं नाव कामी येतं. इंग्रजी निवेदन मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्द जातं, त्या हिशोबाने संहिता मोजा. लिहिलेली संहिता मोठ्याने वाचा. जिथे तुमचा श्वास अडतो तिथे आवाज देणाऱ्याचाही अडेल. डेव्हलपरला ‘इथे काहीतरी आकर्षक ॲनिमेशन’ असं लिहू नका. काय, कुठून, कधी सरकतं ते लिहा. मजकुराचं कन्नड, हिंदी, मराठी भाषांतर व्हायचं असेल तर बटणं आणि चौकटी इंग्रजीच्या मापाने घट्ट शिवू नका, सैल ठेवा. चित्रात अक्षरं कोरू नका. अंध कर्मचारी स्क्रीन रीडरवर ऐकतात, म्हणून प्रत्येक चित्राचं वर्णन लिहा.

तांत्रिक बाजूची तोंडओळखही हवी. कोर्स ‘स्कॉर्म’ नावाच्या पॅकेजमध्ये बांधून कंपनीच्या एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चढवतात. २००१ मधली स्कॉर्म १.२ ही आवृत्ती अजून सर्रास चालते. शिकणारा कुठपर्यंत आला याची नोंद ठेवायला तिच्यात ४,०९६ अक्षरांचीच जागा आहे. लांबलचक कोर्समध्ये ती भरते, आणि माणूस दुसऱ्या दिवशी परत आला की कोर्स पहिल्यापासून सुरू! लोक तुम्हाला शिव्या देतात, तुम्हाला कारण कळत नाही. म्हणून कोर्स लहान तुकड्यांत ठेवा, आणि ग्राहकाच्याच एलएमएसवर अर्ध्यात बंद करून, पुन्हा उघडून तपासल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका.

शेरे, दुरुस्त्या आणि ‘फायनल’

आल्फा, बीटा, गोल्ड अशा तीन आवृत्त्या जातात आणि प्रत्येकीवर शेरे येतात. या काळात नवखे रडकुंडीला येतात. काही नियम केले तर जगणं सुसह्य होतं. प्रत्येक फेरीत कशावर शेरे द्यायचे ते आधी लिहून कळवा: आल्फात मजकूर आणि प्रवाह, बीटात दिसणं आणि चालणं, गोल्डमध्ये फक्त राहिलेल्या चुका. सर्व परीक्षकांचे शेरे एका माणसाने एकत्र करून एकाच शीटमध्ये पाठवायचे. दोघांचे शेरे एकमेकांविरुद्ध असतील तर तुम्ही न्यायाधीश होऊ नका, दोघांना एका कॉलवर आणा. ‘हा परिच्छेद अजून प्रभावी करा’ असा शेरा आला तर विचारा, “हा वाचून माणसाने काय करायला हवं, जे आत्ता होणार नाही असं तुम्हाला वाटतं?” बहुतेक वेळा शेरा मागे घेतला जातो, क्वचित एखादी खरी उणीव सापडते.

आणि फाइलला ‘फायनल’ हे नाव देऊ नका. त्यानंतर ‘फायनल २’ येतेच. तारीख आणि आवृत्तीचा आकडा घाला.

मंजूर आराखड्यात नसलेला विषय बीटात घुसवायचा प्रयत्न होणार हे गृहीत धरा. नाही म्हणू नका, “घालू या, चार दिवस जास्त लागतील, तारीख बदलायची का?” असं विचारा. तारखेचं नाव काढलं की गरज किती खरी होती ते लगेच कळतं.

मोजायचं काय

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या. सोप्या मराठीत: आवडलं का, कळलं का, वागणं बदललं का, कंपनीला फरक पडला का. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या-दुसऱ्या पातळीवरच थांबते. ‘९८ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला’ ही बातमी एलएमएस देतं. ती हजेरी आहे, शिक्षण नव्हे.

मोठा अभ्यास करायची गरज नसते. सुरुवातीला पुरावा मागितला होता ना, तोच तीन महिन्यांनी पुन्हा मागा. प्रवासखर्चाच्या कामात आम्ही तेच केलं: तीन महिन्यांनी परत आलेल्या बिलांचा ढीग पुन्हा लावला. त्या चुकीचा ढीग आता सर्वांत मोठा राहिला नव्हता. ट्रेनिंगवाल्यांनी एवढं बोलून दाखवलं तरी पुढच्या मीटिंगमध्ये त्यांचा शब्द ऐकला जातो.

वाटेत दोन भुतं भेटतील. एक, ‘काही लोक पाहून शिकतात, काही ऐकून, काही करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवा.’ या समजुतीला संशोधनाचा आधार सापडलेला नाही. दुसरं, ‘माणूस वाचलेलं दहा टक्के आणि केलेलं नव्वद टक्के लक्षात ठेवतो’ असा शंकू. एडगर डेल यांच्या १९४६ च्या मूळ शंकूत टक्केवारी नव्हतीच. ती कुणीतरी नंतर चिकटवली. ग्राहकाच्या पीपीटीत ही भुतं दिसली तर चारचौघांत खोडून काढू नका. तुमच्या कोर्सात मात्र त्यांना जागा देऊ नका.

या कामात यायचं असेल तर

पदवीपेक्षा नमुने बोलतात. तीन छोटे नमुने तयार करा: एक प्रसंगावर आधारित कोर्स, एक पानी जॉब एड, आणि एका कंटाळवाण्या कागदाचं ‘आधी आणि नंतर’. नोकरीत केलेलं काम मात्र दाखवू नका; त्यावर गोपनीयतेचा करार असतो. विषय स्वतः शोधा.

बेंगळुरूतला एक फुकटचा विषय देते: कचरा. इथे ओल्या कचऱ्याला हिरवी बादली, सॅनिटरी आणि टाकाऊ कचऱ्याला लाल बादली, सुक्या कचऱ्याला पिशवी अशी पद्धत आहे. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने नुकत्याच आलेल्या भाडेकरूला ती समजवायची आहे. भिंतीवरचा फलक आहेच, तरी लोक चुकतात. एक सकाळ सोसायटीच्या बादल्यांजवळ उभे राहा आणि कोण, काय, कुठे टाकतो ते पाहा. दुधाची पिशवी हातात घेऊन माणूस घुटमळतो. धुऊन सुक्यात टाकायची हे फलकावर नसतं. हातावरची पट्टी लाल बादलीत जायला हवी, ती सुक्यात जाते. या घुटमळण्यातूनच तुमचा कोर्स लिहिला जातो. तो नमुना पाहून मुलाखत घेणाऱ्याला कळतं, की हा माणूस लिहायच्या आधी जाऊन पाहतो.

शिक्षकांनी स्वतःला कमी लेखू नये. पाठ टाचण काढणं, प्रश्न रचणं, चाळीस मिनिटांत विषय बसवणं तुम्हाला येतंच. फक्त एक सवय मोडावी लागते: वर्गात सगळं शिकवायचं असतं, इथे कमीत कमी. इंग्रजी साधं, बिनचूक हवं, अलंकारिक नको. टूल महिनाभरात येतात, त्यांची धास्ती घेऊ नका. कंपन्या परीक्षा म्हणून एखादा स्टोरीबोर्ड लिहायला देतात. चार-पाच स्क्रीनचा असेल तर आनंदाने करा. अख्खा कोर्स फुकट मागत असतील तर नम्रपणे नाही म्हणा.

एआयबद्दल सगळेच विचारतात. आराखड्याचा पहिला खर्डा, प्रश्नांचे पर्याय, कामचलाऊ निवेदन ही कामं ते मिनिटात करतं, आणि आम्ही ते वापरतोही. पण ते नियम इतक्या ठामपणे चुकीचा लिहू शकतं, की तोंडात बोट घालावं. प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहा, आणि ग्राहकाचे अंतर्गत कागद बाहेरच्या टूलमध्ये टाकू नका. शिवाय नाकारलेल्या बिलांचे ढीग लावायला त्या दुपारी फायनान्सच्या खोलीत जाऊन बसावं लागलं होतं. ते काम अजून माणसाचंच आहे.

त्या मेसेजची सोय होऊन वर्ष उलटल्यावर सेल्समधल्या एकाला मी सहज विचारलं, हॉटेलच्या बिलाबद्दल ट्रेनिंग झालं होतं का? “छे, तसलं काही झालं नाही. मेसेज येतो, तो काउंटरवर दाखवतो.” माझ्या पोर्टफोलिओत त्या कामाचा एकही देखणा स्क्रीन नाही. तरी मुलाखतीत कुणी माझं सर्वांत चांगलं काम विचारलं, तर मी त्या एका ओळीपासून सुरुवात करते.